स्वामी कुवलयानंद : पाठ टेकण्याचे शास्त्र

आमच्या नांदगाव पेठेत दिवसाउजेडी आडवी झालेली बाई कुणाला दिसली, तर बघणारा दोनच गोष्टी विचारतो. तिला ताप आला आहे काय, किंवा ती बाळंतीण आहे काय. तिसरे कारण आमच्याकडे कुणाला ठाऊक नाही. पुरुषमाणूस जेवण झाल्यावर ओट्यावर, निंबाच्या झाडाखाली, देवळाच्या पारावर खुशाल पाठ टेकतो. त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. बाईने मात्र पाठ टेकायची ती रात्रीच, आणि तीही घरातल्या सर्वांची टेकून झाल्यावर.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. ज्यांचे चरित्र मला येथे सांगायचे आहे, त्या स्वामी कुवलयानंदांपर्यंत मी ज्या वाटेने पोहोचले ती वाट आमच्या ओट्यावरूनच निघालेली आहे, म्हणून आधी हे सांगितले.

माझी माय दुसऱ्याच्या वावरात मजुरीने जाते. पावसाळ्यात सोयाबीनचे निंदण, दिवाळीनंतर कापसाची वेचणी. दोन्ही कामे कमरेत वाकून करायची. बाबा एमआयडीसीत पाळीवर असतात, त्यामुळे त्यांची झोप आठवड्याला बदलते. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. रोज सकाळी नागपूर रस्त्यावर उभी राहून मी अमरावतीची गाडी पकडते, तेव्हा माय वावराच्या दिशेने निघालेली असते. संध्याकाळी दोघी परत येतो. मी म्हणते, थकले. आणि मग तिच्याकडे पाहून माझीच मला लाज वाटते. कारण मी दिवसभर बाकावर बसलेली असते.

रात्री मात्र तिला झोप येत नाही. अंग दुखत असले की झोप गाढ लागते असे कथा-कादंबऱ्यांत वाचले होते. ते खरे नाही. ती कूस बदलत राहते आणि मी पलीकडे पडून ऐकत राहते.

गेल्या वर्षी २१ जूनला कॉलेजच्या पटांगणावर योगदिनाचा कार्यक्रम झाला. आपल्यापैकी बहुतेकजण तेथे होतेच. ताडासन, वृक्षासन वगैरे झाल्यावर शेवटी सरांनी सर्वांना उताणे निजायला सांगितले. मागच्या रांगेत हशा पिकला. कुणीतरी घोरण्याचा आवाज काढला. सर रागावले नाहीत. त्यांनी एवढेच सांगितले, की ज्या आसनाला आपण हसत आहोत ते यंत्रे लावून तपासले गेलेले आहे, आणि योग असा यंत्राने तपासायचा पायंडा ज्यांनी पाडला ते स्वामी कुवलयानंद मराठी होते. मला ते नाव नवे होते. पतंजली ठाऊक होता, टीव्हीवरचे बाबा ठाऊक होते; मधली दोन हजार वर्षे कोरी होती. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात गेले. कपाटात खालच्या खणात त्यांच्या आसनांवरील पुस्तकाची पिवळी पडलेली प्रत मिळाली. कार्डावर तारखांचे शिक्के मोजून चार होते.

स्वामींचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३, बडोदे संस्थानातील डभोई येथे. घर मराठी, वडील शिक्षक, परिस्थिती बेताची. गुजरातेत जन्मलेल्या अनेक मराठी कुटुंबांप्रमाणे त्यांचाही आधार म्हणजे शिक्षण. १९०३ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि संस्कृतातील प्रावीण्याबद्दल दिली जाणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. शिष्यवृत्ती म्हणजे काय, हे ज्यांनी दरवर्षी अर्ज भरून तहसील कार्यालयाबाहेर रांग लावली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. त्या एका यशाने बडोदे कॉलेजचे दार त्यांना उघडले. १९१० साली ते पदवीधर झाले.

ते कॉलेजात गेले तेव्हा अरविंद घोष तेथे प्राध्यापक होते. पुढे योगी म्हणून जगाला माहीत झालेले अरविंद त्या काळी देशाच्या स्वातंत्र्याचा ध्यास घेतलेले तरुण होते. गुणे ह्यांच्यावर त्यांचा प्रभाव पडला आणि टिळकांचाही पडला. त्या पिढीतील कितीतरी मुलांनी घेतले तसे व्रत त्यांनीही घेतले : लग्न करायचे नाही, आयुष्य देशाच्या कामी लावायचे. आज हे वाचताना थोडे पुस्तकी वाटते. पण त्यांनी ते मरेपर्यंत पाळले, हे लक्षात घेतले पाहिजे.

देशाच्या कामाचा त्या वेळचा एक मोठा रस्ता आखाड्यातून जात होता. बडोद्यास जुम्मादादांची व्यायामशाळा होती आणि राजरत्न माणिकराव ती चालवीत होते. कुस्ती, मल्लखांब, लाठी ह्या देशी विद्या तेथे शिकवल्या जात. शेकडो मुलांना एका वेळी आपल्या भाषेतील आज्ञांवर कवायत करायला लावणे ही माणिकरावांची खासियत होती. १९०७ ते १९१० ही तीन वर्षे गुणे ह्यांनी त्यांच्या हाताखाली काढली. आपल्या अमरावतीच्या वाचकांना ही हवा परकी वाटू नये. येथे १९१४ साली वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले ते ह्याच भावनेतून. आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे आपले देशी खेळ करून दाखवले, ह्याचा अभिमान अजून ह्या गावाला आहे. गुलाम देशातील तरुणाचे मनगट घट्ट असले पाहिजे, असा तो विचार होता. तो चुकीचा होता असे कोण म्हणेल? गुणे त्या विचाराचे पाईक होते. मला नवल वाटते ते हे, की अशा आखाड्यातून आलेला माणूस पुढे आयुष्यभर लोकांना मूठ सैल कशी सोडावी हेही शिकवत राहिला.

त्याचे कारण दुसरे गुरू. नर्मदेच्या काठी बडोद्यापासून जवळच मालसर नावाचे गाव आहे. तेथे परमहंस माधवदास नावाचे वृद्ध बंगाली योगी येऊन राहिले होते. १९१९ मध्ये गुणे त्यांच्याकडे गेले. वय छत्तीस. ह्या वयात माणूस सहसा शिकवायला लागलेला असतो, शिकायला बसत नाही. आणि गुणे तर विद्यार्थ्यांना भारतीय संस्कृतीचे धडे देतच होते. तरी ते शिष्य म्हणून माधवदासांपुढे बसले. आसने, प्राणायाम, बंध, आणि शरीर आतून स्वच्छ करण्याच्या क्रिया त्यांनी तेथे आत्मसात केल्या.

ह्याच सुमारास त्यांचा मुक्काम अमळनेरला होता. खानदेश एज्युकेशन सोसायटीने राष्ट्रीय कॉलेज काढले होते आणि १९२१ पासून गुणे त्याचे प्राचार्य होते. असहकाराचे दिवस. सरकारच्या डोळ्यांत असली कॉलेजे खुपत होती, आणि १९२३ मध्ये ते बंद पडले. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आले ते १९२४ मध्ये; म्हणजे ह्या दोघांची चुकामूक जेमतेम एका वर्षाची. साने गुरुजींमुळे अमळनेर आपल्या सर्वांच्या मनात घर करून आहे, पण त्याच गावातून एक प्राचार्य कॉलेजला कुलूप लागल्यावर बाहेर पडला, हे आपण विसरून गेलो आहोत.

मी ह्या ठिकाणी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. चाळिसाव्या वर्षी नोकरी गेली. घरसंसार नाही, जमीनजुमला नाही. देशकार्य म्हणून जे उभे केले ते सरकारच्या रोषापुढे टिकले नाही. आमच्याकडे अशा वेळी माणूस गप्प बसतो किंवा देवाला लागतो. गुणे ह्यांच्या डोक्यात मात्र एक प्रश्न घोळत होता, आणि तो त्यांनी अमळनेरला असतानाच बडोद्याच्या इस्पितळात जाऊन विचारायला सुरुवात केली होती.

प्रश्न साधा होता. योगी जे करतात त्याने शरीराच्या आत नेमके काय होते?

आज ह्या प्रश्नात काही विशेष वाटत नाही. पण त्या काळी दोन्ही बाजूंच्या लोकांना तो निरर्थक वाटावा असा होता. योग्यांना वाटे, ही अनुभवाची गोष्ट आहे, त्यात यंत्राचे काय काम? डॉक्टरांना वाटे, हे बैराग्यांचे चाळे, त्यात तपासण्यासारखे काय आहे? गुणे ह्यांनी क्ष-किरणांचे यंत्र मिळवले आणि उड्डियान व नौली करताना पोटाच्या आतील हालचाल कशी होते हे पाहायला घेतले. उड्डियान म्हणजे श्वास सोडून पोट आत खेचून धरणे. नौली म्हणजे पोटाचे मधले स्नायू दोरासारखे पुढे काढून फिरवणे. आमच्या गावात जत्रेत एक गोसावी नौली करून दाखवी आणि पोरे नाणी टाकीत. तीच नौली इस्पितळातील यंत्रापुढे जाऊन उभी राहिली.

१९२४ च्या ऑक्टोबरात त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. स्वामी कुवलयानंद ह्या नावाने जग त्यांना ओळखू लागले ते येथपासून. कुवलय म्हणजे निळे कमळ. त्याच वर्षी त्यांनी योगमीमांसा हे त्रैमासिक सुरू केले. त्यात एकीकडे प्रयोगांच्या नोंदी, आकडे, क्ष-किरण छायाचित्रे असत आणि दुसरीकडे सामान्य वाचकाला घरी करता येतील अशी आसनांची वर्णने. घाटमाथ्यावरच्या एका लहानशा गावातून असले त्रैमासिक काढणे म्हणजे धाडसच. ते अंगलट आले नाही. त्रैमासिक चालले, संस्थाही चालली. २०२४ मध्ये तिला शंभर वर्षे पूर्ण झाली.

त्यांच्या प्रयोगांपैकी एकाविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण त्यात माणूस दिसतो. हठयोगात बस्ती नावाची क्रिया आहे. योगी पाण्यात बसून पाणी आतड्यात वर ओढून घेतो आणि आतडे धुतो. पाणी वर कसे चढते, ह्याचे जुने उत्तर वायूवर ताबा मिळवल्याने, असे होते. स्वामींनी आतड्यात दाब मोजण्याची नळी घालून पाहिले. नौली करताना आतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, म्हणजे आत काही प्रमाणात पोकळी निर्माण होते, म्हणून पाणी आपोआप ओढले जाते, असे त्यांना आढळले. आणि ह्या पोकळीला त्यांनी नाव दिले ते आपल्या गुरूचे, माधवदासांचे. गुरूने सांगितले म्हणून ते मानायचे नाही, मोजून पाहायचे. आणि मोजून जे सापडले ते गुरूच्या चरणी ठेवायचे. आपल्याकडे बहुतेक लोकांना ह्यातील एकच गोष्ट जमते. कुणी मोजत नाही, कुणी वाकत नाही.

अशीच कठोर तपासणी त्यांनी प्राणायामाची केली. खोल श्वास घेतला की शरीराला पुष्कळ जास्त प्राणवायू मिळतो, हा समज आजही व्यासपीठावरून सर्रास सांगितला जातो. आमच्या योगदिनालाही तो कुणीतरी सांगितलाच. स्वामींनी ठामपणे लिहिले, की प्राणायामाची किंमत त्यात नाही. श्वास संथ केला की मिनिटाला होणाऱ्या श्वासांची संख्याच घटते. एकंदरीत प्राणवायू फार वाढत नाही. प्राणायामाचा उपयोग शरीरातील दाबांवर आणि मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामांत शोधला पाहिजे, असे त्यांचे मत. आपल्याच विषयाची खोटी स्तुती आपणच नाकारणारा प्रचारक मी दुसरा वाचलेला नाही. शीर्षासन, सर्वांगासन करताना रक्तदाब किती चढतो हेही त्यांनी मोजले आणि छापले.

आता शवासनाकडे येते, ज्यासाठी मी हे पुस्तक उघडले होते.

उताणे निजावे, पाय थोडे दूर, हात अंगापासून सुटे, डोळे मिटलेले. एवढे लहान पोरालाही येते. खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. माणूस आडवा झाला म्हणून त्याचे स्नायू सैल झाले असे होत नाही. जबडा आवळलेला असतो, खांदे कानाशी चढलेले असतात, पोट धरून ठेवलेले असते, आणि आपल्याला त्याचा पत्ताच नसतो. स्वामींच्या पद्धतीत शरीराचा एकेक भाग मनाने धुंडाळायचा आणि तेथील ताण सोडून द्यायचा. सगळे अंग असे ढिले पडले की लक्ष श्वासावर न्यायचे. तो जसा येतो-जातो तसा पाहायचा. मग हलक्या हाताने त्याला एक लय द्यायची. जोर कोठेही लावायचा नाही. झोपही लागू द्यायची नाही. हे सांगायला सोपे आणि करायला अवघड आहे. जोर लावायचे आपल्याला सर्वजण शिकवतात, जोर काढून घ्यायचे शिकवणारे फार थोडे.

लोणावळ्याच्या परंपरेत आसनांचे तीन गट सांगतात. शरीर घडवणारी, ध्यानाला बसण्याची आणि विश्रांती देणारी. तिसऱ्या गटात शवासन आणि मकरासन अशी दोनच नावे. मकरासनात पोटावर निजतात, मगरीसारखे. गट सर्वांत लहान आहे, पण तो वेगळा मानला गेला हे मला महत्त्वाचे वाटते. विश्रांती ही दोन कामांमधली रिकामी जागा नसून तिलाही एक रीत आहे आणि ती शिकावी लागते, असे त्यातून निघते. आसन करताना झटके द्यायचे नाहीत, दम लागेपर्यंत करायचे नाही, वेदना सहन करून पुढे जायचे नाही, ही शिस्तही स्वामींच्या शिकवणीत सगळीकडे आहे. आखाड्यातील मेहनत घामावर मोजतात. हे माप येथे चालत नाही, हे त्यांनी आखाड्याचा अपमान न करता सांगितले.

१९२७ साली खादीच्या दौऱ्यात महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवर गांधीजी आजारी पडले. रक्तदाब फार वाढला होता. दौरा सोडून त्यांना नंदी टेकडीवर आणि नंतर बंगलोरला विश्रांती घ्यावी लागली. त्या काळात त्यांनी स्वामी कुवलयानंदांचा सल्ला घेतला आणि दोघांत पत्रव्यवहार झाला. ज्या माणसाला स्वस्थ बसणे हा गुन्हा वाटत असे त्याला विश्रांतीचे धडे घ्यावे लागले, ह्याची मला गंमत वाटते. मोतीलाल नेहरू, पंडित मालवीय ह्या मोठ्या माणसांशीही स्वामींचा संबंध आला. कैवल्यधामाची मुंबईतील शाखा १९३२ मध्ये निघाली आणि १९३६ पासून चौपाटीजवळ तिचे आरोग्यकेंद्र चालू लागले. येल विद्यापीठातून बेहानन नावाचे एक अभ्यासक लोणावळ्यास येऊन शिकून गेले आणि १९३७ मध्ये त्यांनी योगाच्या शास्त्रीय परीक्षणावर इंग्रजीत पुस्तक लिहिले.

येथे मला थोडे अडखळायला होते. पुढारी, राजेरजवाडे, मुंबईचे शेठ, परदेशी संशोधक. ज्यांना पलंग आहे त्यांनाच निजण्याची विद्या मिळाली, असे तर झाले नाही ना? हा आक्षेप मी आमच्या सरांपुढे ठेवला. त्यांनी मला पुढचे प्रकरण वाच म्हणून सांगितले. ते वाचले आणि माझा आक्षेप अर्धा राहिला. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या समित्यांवर स्वामींनी पुष्कळ वर्षे काम केले. साध्या शाळेच्या मैदानावर, काही खर्च न करता, पन्नास-शंभर मुलांना एकत्र करता येईल असा सोप्या योगक्रियांचा अभ्यासक्रम त्यांनी तयार केला. १९३६ साली यौगिक संघ-व्यायामावर त्यांनी पुस्तक काढले. सामुदायिक आज्ञांची माणिकरावांची शिकवण येथे कामी आली असावी, असा माझा अंदाज आहे. १९५१ मध्ये लोणावळ्यास योगशिक्षक तयार करणारे कॉलेज सुरू झाले. १९२३ साली ज्या प्राचार्याचे कॉलेज बंद पडले होते त्याने २८ वर्षांनी पुन्हा एक कॉलेज काढले. १९६० नंतर तेथे योगोपचाराचे रुग्णालयही झाले. आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग असा : शाळेच्या मैदानापर्यंत आलेली ही विद्या मैदानाबाहेरच्या वावरात केव्हा उतरली? माझ्या आजीने आयुष्यात योग हा शब्द लग्नाच्या योगापलीकडे ऐकलेला नव्हता. ह्याचा दोष मी स्वामींना देत नाही. एका माणसाने किती करावे?

आमच्या बाजूचे एक उदाहरण मात्र ह्या संदर्भात आठवते. आमच्या गावावरून जाणाऱ्या नागपूर रस्त्यानेच पुढे मोझरी लागते. तेथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रम उभा केला आणि खेड्यापाड्यांतील कष्टकऱ्यांना सकाळी सामुदायिक ध्यानाला व संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला बसवले. त्यात आसनांचा किंवा यंत्रांचा प्रश्न नव्हता. पण दिवसभर राबलेल्या शरीराला थोडा वेळ निश्चल बसू देणे त्यात होतेच. लोणावळा आणि मोझरी ह्यांचा तुलनात्मक अभ्यास कुणीतरी करावा. मला पुढे एम.ए.ला जाता आले तर मीच करीन.

स्वामी कुवलयानंद १८ एप्रिल १९६६ रोजी वारले. वय ८२. शेवटपर्यंत ते कामात होते, डॉ. विनेकर ह्यांच्यासह योगोपचारावर लिहिलेले त्यांचे पुस्तक १९६३ चे आहे. ज्या आसनाला आम्ही पटांगणावर हसलो त्याची मोठी परीक्षा त्यांच्या पश्चात झाली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढलेल्या रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवले आणि १९६९ मध्ये त्याचे निष्कर्ष परदेशी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. कित्येकांचा रक्तदाब उतरला, कित्येकांच्या औषधांची मात्रा कमी करता आली. सर्वांना सारखा गुण आला असे नाही, आणि तसे त्यांनी म्हटलेलेही नाही. ह्या निबंधाच्या लेखकांत डॉ. विनेकर ह्यांचेही नाव आहे. स्वामी तीन वर्षे आणखी जगते तर त्यांना हे पाहता आले असते.

आता मायचे राहिले.

पुस्तक वाचून झाल्यावर मी उत्साहाने घरी तिला शवासन शिकवायला गेले, आणि पहिल्याच शब्दाला ठेच लागली. शव म्हणजे काय हे तिने विचारले, मी सांगितले. दिवेलागणीला घरात मढ्याचे नाव काढले म्हणून तिने मला चांगलेच झापले. आबाजीला जाऊन तेव्हा वर्षसुद्धा झाले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी शहाणपण करून नाव बदलले आणि ह्याला विसावा म्हणतात असे सांगितले. ते तर त्याहून वाईट निघाले. मसणवट्याच्या वाटेवर तिरडी खाली ठेवतात त्या जागेलाच आमच्याकडे विसावा म्हणतात. हे मला आठवलेच नाही. बीए दुसऱ्या वर्षाच्या मराठीच्या विद्यार्थिनीला हे आठवू नये, ह्याचे मलाच वाईट वाटले.

शेवटी मी नाव घेणेच सोडले. जेवणे झाल्यावर तिच्या शेजारी गोधडीवर नुसती पाठ टेकली आणि मी काय करते ते तिला सांगत गेले. ती हसत हसत आडवी झाली. पायापासून सुरुवात केली. मी तिचे पाऊल हातात घेऊन सोडले तर ते पडेना, तसेच अधांतरी राहिले. हाताचेही तेच. बोटे अर्धी वळलेली, बोंडातून कापूस काढावा तशी. ती उघड म्हटले तर ती ताठ करायची. ढिली करायची म्हणजे काय, हे तिला कळत नव्हते. उलट ती मलाच विचारू लागली, की हात सोडून द्यायचा म्हणजे धरायचा कुणी? त्या रात्री काहीच जमले नाही. पुढच्या आठ-दहा दिवसांत एकदा श्वास मोजता मोजता तिची बोटे उघडली. ती मला दिसली. तिला तिचे कळले नाही.

तिची कंबर बरी झाली असे मी लिहिणार नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालू आहेत आणि वेचणीही चालू आहे. झोप मात्र पूर्वीपेक्षा लवकर लागते. मुख्य म्हणजे आता रविवारी दुपारी, भांडी झाल्यावर, ती स्वतःहून गोधडी अंथरते. सुरुवातीला दार लावून घेत असे. आता लावत नाही. परवा शेजारच्या काकू विळा मागायला आल्या आणि उंबऱ्यातच थबकून ताप आला काय म्हणून विचारू लागल्या. माय डोळे न उघडता नाही म्हणाली, आणि विळा कोठे आहे ते सांगून, दहा मिनिटांनी या म्हणाली.